एकाच पालवीचे दोन वाटेकरी

पतंग आणि गाणारा पक्षी यांना शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे अनेक वाचकांना आरंभीच खटकेल. एक कीटक, दुसरा कण्याचा आणि गरम रक्ताचा प्राणी. एकाचे आयुष्य वर्षभरात आटोपते, दुसरा जगला वाचला तर अनेक वसंत पाहतो. एक मुका, तर दुसऱ्याच्या दोन सुरांच्या खणखणीत गाण्याने युरोपातल्या बागा हिवाळा सरण्याआधीच जाग्या होतात. तुलना करायची तर पतंगाची फुलपाखराशी करावी आणि पक्ष्याची पक्ष्याशी, हा आक्षेप रास्त वाटतो. शरीररचनेपुरता तो रास्त आहेही. पण विंटर मॉथ हा पतंग आणि ग्रेट टिट हा पक्षी, या पुस्तकातल्या दोन्ही जातींना एकत्र बांधणारा धागा शरीराचा नाही, वेळेचा आहे. ओकच्या झाडाला कोवळी पालवी फुटते ते वसंतातले मोजके आठवडे दोघांच्याही वर्षाचे भवितव्य ठरवतात. पतंगाच्या अळीला कोवळे पान हवे आणि पक्ष्याच्या पिलाला ती अळी हवी. झाड तेच, वसंत तोच, आणि चुकले तर दंडही सारखाच, म्हणजे उपासमार. गेल्या काही दशकांत हा वसंत लवकर येऊ लागला. तेव्हा दर वर्षी हवा पाहून आपले वेळापत्रक हलवू शकणारा पक्षी नेदरलँड्समध्ये मागे पडला, आणि अंड्यात बंद असलेला, काहीच न शिकणारा पतंग सावरला. हे असे का झाले, आणि त्यावरून निसर्गातल्या जुळवून घेण्याबद्दल आपण काय समजावे, हा या पुस्तकाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की लवचीक असणे आणि बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली व्यक्तीच्या अंगी असते, दुसरी वंशाच्या. हवामानबदलाच्या चर्चेत आपण त्या सर्रास एक समजतो आणि चुकीच्या जातीबद्दल निश्चिंत राहतो.

आधी पतंग. त्याचे शास्त्रीय नाव ऑपेरोफ्टेरा ब्रुमाटा. इतर बहुतेक पतंग थंडीपूर्वीच दिसेनासे होतात, हा मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात, गोठणबिंदूच्या आसपासच्या रात्री जमिनीतल्या कोषातून बाहेर येतो. नर उडतो, मादीला मात्र उडता येत नाही. तिच्या पंखांचे नुसते खुंट उरलेले असतात, आणि ती खोडावरून पायांनी चढत वर जाते. युरोपातले सफरचंदाचे बागायतदार शरद ऋतूत खोडाला चिकट पट्टे गुंडाळतात ते हिलाच अडवण्यासाठी. वर पोचलेली मादी सालीच्या भेगांत आणि दगडफुलाच्या आड शे-दोनशे अंडी घालते आणि मरते. पुढे हिवाळाभर त्या अंड्यांचा कोणी वाली नाही. अंड्याने ओकच्या कळ्या उमलतील त्या सुमारास फुटायचे असते, पण ज्या कळीवर त्याचे आयुष्य अवलंबून आहे ती कळी त्याला दिसत नाही. तापमान साठत जाते तशी अंड्यातली वाढ पुढे सरकते, एवढेच त्याचे घड्याळ. घाई झाली तर चिमुकली अळी बंद कळ्यांवर फिरून काही दिवसांत उपाशी मरते, किंवा रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर दुसऱ्या झाडाच्या आशेने निघून जाते. उशीर झाला तरी शिक्षा आहेच. ओकचे पान वाढता वाढता निबर होते आणि त्यात टॅनिन साठू लागते, हे पॉल फीनी यांनी १९७० साली याच अळीच्या अभ्यासातून दाखवून दिले. निबर पानावरची अळी कमी वाढते, आणि हलक्या कोषातून निघालेली मादी कमी अंडी घालते. म्हणजे दोन्ही बाजूंनी दार बंद, आणि मधली फट काही दिवसांची.

पक्ष्याची फट याहून रुंद नाही, पण तिथे पोचण्याचा त्याचा रस्ता फार लांबचा आहे. ग्रेट टिट, म्हणजे पॅरस मेजर, जेमतेम १८ ग्रॅमचा. मादी रोज एक याप्रमाणे आठ-नऊ अंडी घालते, आणि एकेक अंडे तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या जवळ जाते. त्यानंतर साधारण दोन आठवडे उबवणी. पिले बाहेर आली की त्यांची भूक चढत जाते आणि नवव्या-दहाव्या दिवशी कळसाला पोचते. त्या दिवसांत आईबाप उजाडल्यापासून मावळेपर्यंत शेकडो अळ्या आणतात. ही कळसाची भूक आणि झाडावरचा अळ्यांचा सुकाळ एका वेळी यायला हवा, कारण सुकाळ फार टिकत नाही. मे अखेरीस पोट भरलेल्या अळ्या धाग्याने खाली उतरतात आणि मातीत शिरून कोष करतात. झाड एकाएकी रिकामे होते. आता हिशेब मांडून पाहावा. पहिले अंडे घालण्याचा निर्णय भुकेच्या कळसाच्या सुमारे महिनाभर आधी घ्यावा लागतो. त्या दिवशी झाडावर पाने नसतात आणि अळ्याही नसतात, किंवा नुकत्या फुटलेल्या असतात. मादीला एप्रिलच्या हवेवरून मे महिन्याचा अंदाज बांधायचा असतो. हा अंदाज ती आंधळेपणाने बांधत नाही. इंग्लंडमधल्या वायटमच्या जंगलात ज्या घरट्याभोवतीचे ओक लवकर पालवतात तिथल्या माद्या लवकर अंडी घालतात असे आढळले आहे. ग्रेट टिटची जवळची नातलग ब्लू टिट तर मागच्या वर्षीच्या अनुभवावरूनही वेळ बदलते. तिला पिलांच्या दिवसांत जादा अन्न मिळाले, तर पुढच्या वर्षी ती उशिरा अंडी घालते. अंड्यात बंद असलेल्या जिवाशी या कौशल्याची तुलना केली, तर कोणीही पैज पक्ष्यावरच लावील.

नेदरलँड्समधल्या होगे वेलुवे इथल्या नोंदींनी ही पैज चुकीची ठरवली. तिथे १९५५ पासून लाकडी घरटेपेट्यांतल्या ग्रेट टिटची वर्षानुवर्षे मोजणी चालू आहे. झाडांवरच्या अळ्यांचा अंदाज घेण्यासाठी झाडाखाली कापड ताणून त्यावर पडणारी अळ्यांची लेंडी गोळा करून तोलतात. ही युक्ती ओबडधोबड दिसते, पण अळ्यांचा सुकाळ केव्हा येऊन गेला हे त्यातून नेमके कळते. मार्सेल व्हिसर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये १९७३ ते १९९५ या काळातल्या नोंदी मांडल्या. या काळात अळ्यांचा हंगाम अलीकडे सरकला होता, पक्ष्यांच्या अंडी घालण्याच्या तारखा मात्र सरकल्या नव्हत्या. लवकर अंडी घालणाऱ्या माद्यांची पिले अधिक संख्येने पुढच्या पिढीत दाखल होत होती, तरीही सरासरी हलत नव्हती. कारण तापमानवाढीच्या वाटणीत होते. अळ्या वाढतात ते वसंताच्या उत्तरार्धातले दिवस तापले होते, पण मादी ज्या दिवसांवरून अंदाज बांधते ते आधीचे दिवस तेवढे तापले नव्हते. पक्षी नियमाप्रमाणेच वागत होता. त्याचा नियम ज्या जगात घडला होता, त्या जगात एप्रिल आणि मे यांचे एक ठरलेले नाते होते, आणि ते नाते मोडले होते. एकदा अंडी घातली की पक्ष्याला फार घाई करता येत नाही. उबवणी थोडी आधी सुरू करून दोन-तीन दिवस वाचवता येतात, त्यापलीकडे नाही. लवचीकतेची मर्यादा इथे उघड होते. ती जुन्या जगाच्या खुणांवर चालते. खूण खोटी ठरली की लवचीक जीव तितक्याच तत्परतेने चुकतो.

पतंगाचीही त्याच सुमारास तीच गत झाली होती, हे विसरून चालणार नाही. व्हिसर आणि लिओनार्ड होलमन यांनी २००१ मध्ये दाखवले की उबदार वसंतांमुळे अंडी आणि कळ्या यांचा मेळ बिघडला होता. अंडी कळ्यांपेक्षा अधिक वेगाने लवकर फुटू लागली होती आणि अळ्या उपाशी मरत होत्या. मात्र २०१३ साली मार्ग्रित फान आश आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात चित्र पालटलेले दिसते. अंडी फुटण्याची वेळ पुन्हा कळ्यांच्या जवळ आली होती, आणि हा बदल हवेचा नव्हता, आनुवंशिक होता. तापमानाला अंडे जो प्रतिसाद देते तो प्रतिसादच जेमतेम दहा-पंधरा वर्षांत वेगळा झाला होता. कोणाही एका पतंगाने काही शिकले नाही. ज्या अंड्यांची घाई उपजत होती त्यांच्या अळ्या मेल्या, ज्यांच्यात उपजत संथपणा होता त्यांच्या टिकल्या, आणि त्यांचीच संतती पुढे खोडावर चढली. याला यश म्हणताना त्याची किंमत डोळ्यांआड करू नये. हे सावरणे अगणित उपाशी अळ्यांवर उभे आहे. निसर्ग आपोआप सावरून घेतो, असे जे सहज म्हटले जाते, त्यामागचा हिशेब हा असा असतो, आणि तो न दाखवता तसे म्हणणे मला अप्रामाणिक वाटते.

इथे जाणकार वाचक म्हणेल की यात नवल ते काय. किडे भराभर बदलतात कारण त्यांच्या पिढ्या भराभर येतात, कीटकनाशकांना दाद न देणारे किडे काही हंगामांतच तयार होतात हे शेतकरी जाणतोच. सर्वसाधारणपणे हे खरे आहे, पण या जोडीला लागू पडत नाही, आणि हीच जोडी निवडण्यामागचे सर्वांत मोठे कारण ते आहे. विंटर मॉथची वर्षाला एकच पिढी असते. ग्रेट टिटही जन्मानंतरच्या पहिल्याच वसंतात अंडी घालू लागतो. पिढ्यांच्या वेगात दोघांत थोडा फरक आहे, पण दहा-पंधरा वर्षांत एकाने सावरावे आणि दुसऱ्याने जागीच राहावे याचा उलगडा होईल एवढा तो नाही. फरक दुसरीकडे आहे. अंडी फुटण्याची वेळ पतंगात आईबापांकडून संततीकडे फार मोठ्या प्रमाणात उतरते. पक्ष्याच्या अंडी घालण्याच्या तारखेत मात्र वारशाचा वाटा थोडा असतो. बाकी सारे त्या वर्षीची हवा, अन्न, मादीचे वय आणि तिची तब्येत ठरवते. म्हणजे पक्ष्याची लवचीकताच त्याच्या वंशातल्या फरकांवर पांघरूण घालते. उपजत लवकर अंडी घालणारी आणि उपजत उशीर करणारी मादी एकाच एप्रिलमध्ये जवळपास एकाच तारखेला घरटे भरू शकते. मग निवड करायची तरी कशाची? शिवाय मादी आपल्या वजनाएवढी अंडी थंडीत घालते, तेव्हा फार लवकर घालण्याची किंमत तिच्या स्वतःच्या अंगावर येते. पिलांच्या दृष्टीने जी तारीख उत्तम, ती आईच्या दृष्टीने उत्तम असेलच असे नाही. पतंगाच्या अंड्याला असा पेच नाही. त्याच्यापुढे एकच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चुकले तर मरण आहे.

याहून वजनदार आक्षेप ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलातून येतो. डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये तिथे ग्रेट टिटचा अभ्यास सुरू केला आणि तो अजून चालू आहे. अॅन शार्मांतिए आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की १९६१ नंतरच्या सत्तेचाळीस वर्षांत या पक्ष्यांनी अंडी घालण्याची तारीख सुमारे दोन आठवडे अलीकडे आणली आणि अळ्यांशी मेळ राखला. तेही बहुतांशी लवचीकतेच्या जोरावर, वंश न बदलता. मग पक्षी मागे पडतो हे विधान एका डच जंगलापुरतेच उरत नाही का? या आक्षेपाने पुस्तकाचा युक्तिवाद मोडत नाही, उलट त्याला धार येते असे मला वाटते. जात एकच, लवचीकताही तीच, मधे फक्त उत्तर समुद्र आणि निकाल उलटा. वायटममध्ये मादी ज्या हवेवरून अंदाज बांधते ती हवा आणि अळ्या ज्या हवेत वाढतात ती हवा बरोबरीने तापत गेली, म्हणून जुनी खूण खरी राहिली. होगे वेलुवेमध्ये तसे झाले नाही. म्हणजे वायटमच्या पक्ष्याचे यश त्याच्या एकट्याचे नाही, त्या जंगलातले तापमान कोणत्या आठवड्यांत वाढले याचेही ते यश आहे. उद्या तिथले आठवडे वेगळ्या रीतीने तापले, तर तीच मादी तितकीच चुकेल. दुसरा एक बारकावा पक्ष्याच्या बाजूने नोंदवायला हवा. डच पक्ष्यांत हवेला प्रतिसाद देण्याची ताकद मादीगणिक वेगवेगळी असते आणि ती ताकद काही अंशी वारशाने येते, असे डॅनियल नसी आणि सहकाऱ्यांना २००५ मध्ये आढळले. अधिक लवचीक माद्यांना अलीकडच्या दशकांत अधिक फळ मिळते आहे, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे लवचीकता हीच उत्क्रांतीचा कच्चा माल होऊ शकते. माझा रोख लवचीकता निरुपयोगी आहे असा नाही. ती उधारीवर चालते, आणि ती उधारी आधीच्या हजारो वसंतांनी दिलेली असते.

आणखी एक प्रश्न थेट विचारला जातो. इतके सारे बिघडले आहे तर होगे वेलुवेतले ग्रेट टिट कमी का झाले नाहीत? खरेच, ते कमी झालेले नाहीत. थॉमस रीड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचे उत्तर शोधले. पिलांच्या वेळेचा मेळ बिघडलेल्या वर्षी कमी पिले उडतात, पण जी उडतात त्यांना हिवाळ्यात स्पर्धा कमी असते. अन्नात वाटेकरी थोडे, म्हणून त्यांच्यातली अधिक जगतात. वसंतातला तोटा हिवाळा बऱ्याच अंशी भरून काढतो. बीचच्या झाडांना भरपूर बी धरले की हिवाळ्यातला निभाव कसा लागतो, यावर पक्ष्यांची संख्या वेळेच्या मेळापेक्षाही अधिक हलते. हा निष्कर्ष मोलाचा आहे आणि तो दडवून हवामानबदलाचे भय वाढवणे गैर आहे. पण त्याचा अर्थ नीट लावावा. एकूण संख्या टिकली म्हणून प्रत्येक उशिरा उबवणाऱ्या मादीचे नुकसान पुसले जात नाही. तिची पिले गेलीच, ती जागा दुसऱ्याच्या पिलांनी घेतली. आणि हिवाळ्यातली ही भरपाई ठरावीक मर्यादेपर्यंतच पुरते. मरायचे ते हिवाळ्यात मरण्याऐवजी वसंतातच मरू लागले, की भरपाईला मुळात उरत काही नाही. संख्या हा जातीच्या प्रकृतीचा उशिरा कळणारा पुरावा आहे. वेळापत्रकांकडे आधी पाहायचे ते त्यामुळेच.

या दोघांचे परस्परांशी असलेले नाते किती एकतर्फी आहे, हेही सांगायला हवे. पक्षी अळी खातो, तेव्हा अळीचा मोठा शत्रू पक्षीच, असे गृहीत धरण्याचा मोह होतो. जॉर्ज व्हार्ली आणि जॉर्ज ग्रॅडवेल यांनी १९५० पासून वायटमच्या पाच ओकांवर हा मोह तपासला. खोडावर चढणाऱ्या माद्या त्यांनी सापळ्यात मोजल्या, झाडावरून उतरणाऱ्या अळ्या जमिनीवरच्या तबकांत मोजल्या, आणि वर्षामागून वर्ष प्रत्येक टप्प्यावरची हानी वेगळी मांडली. संख्येतले चढउतार सर्वांत जास्त ठरवणारी हानी हिवाळा आणि कोवळी अळी यांच्या दरम्यान होते, म्हणजे कळी आणि अंडे यांची वेळ चुकते तेव्हा. संख्या आटोक्यात ठेवणारी हानी मातीत होते, भुंगेरे आणि इतर भक्षक कोष फस्त करतात तेव्हा. पक्ष्यांच्या चोचीत जाणाऱ्या अळ्यांचा वाटा त्यापुढे लहान आहे. पक्ष्याचा हंगाम अळीवर टांगलेला आहे, अळीचा हंगाम पक्ष्यावर नाही. पक्षी फक्त हीच अळी खातो असेही नाही. ओकवरच्या हिरव्या टॉर्ट्रिक्स या पतंगाची अळीही त्याच आठवड्यांत त्याच्या पिलांच्या तोंडी पडते. पण तीही त्याच पालवीवर पोसलेली असते, त्यामुळे तिच्या आधाराने पक्ष्याची वेळेच्या कचाट्यातून सुटका होत नाही.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. ग्रेट टिटचा काळा-पांढरा-राखाडी आप्त आपल्या सह्याद्रीतही दिसतो. पूर्वी तो याच जातीत गणला जाई, आता पॅरस सिनेरियस म्हणून वेगळा मानतात. पण त्याच्या आधाराने युरोपातले निष्कर्ष इकडे जसेच्या तसे आणणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे हंगामाचा काटा पाऊस हलवतो, तापमान नव्हे. इथे उपयोगी पडेल तो प्रश्न. एखादी जात कोणत्या खुणेवरून वेळ ठरवते, ती खूण आणि ज्याच्यासाठी वेळ ठरवायची ती गोष्ट अजून एकत्र हलतात का, आणि हलत नसतील तर त्या जातीच्या वंशात बदलायला पुरेसा फरक आहे का, हे वळवाच्या सरीवर अवलंबून असलेल्या कुठल्याही किड्याबद्दल किंवा पक्ष्याबद्दल विचारता येते. त्यासाठी वायटम आणि होगे वेलुवे इथे आहे तशी एकाच जागेची, एकाच पद्धतीने पिढ्यानपिढ्या ठेवलेली वही हवी. वर सांगितलेल्या निष्कर्षांतला एकही दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पातून निघाला नसता.

शेवटी तिसऱ्याबद्दल. आतापर्यंत ओकचा उल्लेख घड्याळ म्हणून आला, जणू तो नुसता वेळ दाखवतो. पण ओकही जीव आहे आणि त्याचीही पालवी उबदार वसंतात लवकर फुटते. पतंग ओकशी जुळवून घेतो, पक्षी पतंगाशी, ओक मात्र या दोघांपैकी कोणाशीच जुळवून घेत नाही. तो शेकडो वर्षे जगतो, त्याची पिढी इतकी लांब की निवड होऊन वंश बदलायला शतके लागतील. तेव्हा येत्या काळात त्याच्याजवळ लवचीकतेखेरीज काही नाही, आणि ती लवचीकता ज्या हिवाळ्यांवर बेतलेली आहे ते हिवाळे उरतीलच असे नाही. पतंगाचे सावरणे हे एका हलत्या झाडाच्या मागे धावणे आहे. झाडाच्या हलण्याची रीत बदलली तर हा पाठलाग नव्याने सुरू करावा लागेल, आणि पक्ष्याला तोही दोन पावले मागून करावा लागेल. म्हणूनच पुढच्या पानांत ओकला पार्श्वभूमीला न ठेवता त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि ते पतंगाच्या व पक्ष्याच्या प्रकरणांच्या आधी ठेवले आहे.